फळांच्या रंगापासून वीज: एका इलेक्ट्रॉनची शर्यत

‘फळांच्या रसापासून सौरघट’, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारा घट, अशी बातमी अधूनमधून येते. पाठोपाठ काचेला रस चोपडून पंखा फिरवून दाखवणारे व्हिडिओ फिरू लागतात. असला पंखा खरोखर फिरत नाही, ते थोतांड आहे. त्यामागचं विज्ञान मात्र अस्सल आहे आणि फार सुंदर आहे.

नेहमीची सौर पॅनेलं सिलिकॉनची असतात. मग सिलिकॉनला पर्याय का शोधायचा? सिलिकॉन क्वार्ट्झ या खनिजातून मिळतं, आणि त्यातला ऑक्सिजन काढायला ते कार्बनसोबत विजेच्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसला तापवावं लागतं. पॅनेल ही ऊर्जा आयुष्यभरात अनेक पटींनी परत देतं, हे खरंच. तरी कमी आचेवर घट बनला तर हवाच आहे.

१९९१ मध्ये ब्रायन ओ’रीगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी असा घट बनवला. त्याची कार्यक्षमता ७ टक्क्यांच्या आसपास होती. त्यात टायटेनियम डायऑक्साइड वापरलं होतं, म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असतं तेच. ते फक्त अतिनील किरण शोषतं, दृश्य प्रकाश त्याच्या कामाचा नाही. म्हणून त्याच्या कणांवर रंगद्रव्य चढवतात. रेणूवर प्रकाश पडला की त्यातला एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो. ही पातळी टायटेनियम डायऑक्साइडच्या वहन-पट्ट्यापेक्षा (ज्या ऊर्जापातळ्यांवर इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, त्यांच्यापेक्षा) किंचित वर असेल, तरच तो इलेक्ट्रॉन त्या कणात उतरतो.

इथे शर्यत सुरू होते. उत्तेजित रेणू काही नॅनोसेकंदांत (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग) थंड होतो आणि ऊर्जा वाया जाते. पण इलेक्ट्रॉनची उडी फेम्टोसेकंदांतही होऊ शकते. सेकंदाचे दहा लाख भाग करा आणि त्यातल्या एकाचे पुन्हा शंभर कोटी, तो एक फेम्टोसेकंद! इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूला घटात भरलेल्या द्रवातलं आयोडाइड (आयोडीनचं भारित रूप) लगेच नवा इलेक्ट्रॉन देतं. ते उशिरा पोचलं, तर निसटलेला इलेक्ट्रॉनच मागे फिरतो आणि बाहेरच्या तारेत काहीच येत नाही.

उडी इतकी जलद व्हायची तर रेणू कणाला घट्ट चिकटलेला हवा. गडद जांभळ्या फळांना रंग देणाऱ्या काही अँथोसायनिन रंगद्रव्यांमध्ये शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. ते टायटेनियमच्या अणूला चिमट्यासारखे धरतात. ज्या रंगद्रव्यात असा चिमटा किंवा कणाला धरणारा दुसरा कुठलाच गट नाही, ते कितीही गडद असलं तरी फारसं उपयोगाचं नाही.

तरीही नैसर्गिक रंगांचे घट बहुधा एक-दोन टक्क्यांवर अडकतात आणि लवकर विटतात. गंमत म्हणजे अतिनील प्रकाशात टायटेनियम डायऑक्साइड स्वतःच सेंद्रिय (कार्बनयुक्त) रेणूंचे, म्हणजे या रंगांचेही, तुकडे करतं. पानातही प्रकाशाने मोडतोड होते, पण पान आपलं डी-१ नावाचं प्रथिन सतत नव्याने बनवत राहतं. घटाला ही सोय नाही. म्हणून अशा बातमीत रंग कुठल्या फळाचा यापेक्षा घट उन्हात किती तास टिकला, हे मी आधी शोधतो.

वनस्पतीचा जास्त भरवशाचा उपयोग कदाचित घट ज्यावर उभारतात, त्या पायासाठी होईल. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी झाडांपासून मिळवलेल्या नॅनोसेल्युलोजच्या (सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म कणांच्या) पारदर्शक पत्र्यावर सेंद्रिय सौरघट बनवला. कार्यक्षमता २.७ टक्केच होती, पण तो पत्रा साध्या पाण्यात विरघळतो आणि घटातले थर वेगळे काढता येतात.