बाभळीची होडी आणि हिरोडोटसची साक्ष

नाईल नदीवर माल वाहणारी एक होडी हिरोडोटस या ग्रीक लेखकाने इ.स.पू. पाचव्या शतकात पाहिली आणि ती कशी बांधतात ते लिहून ठेवलं. लाकूड काटेरी झाडाचं, ज्याच्या खोडातून डिंक पाझरतो. म्हणजे आपल्या बाभळीच्या जातीचं. त्याच्या दोन-दोन हातांच्या फळ्या पाडायच्या, विटा रचाव्यात तशा रचायच्या आणि लांब कुसवं जवळजवळ घालून जोडायच्या. कुसू म्हणजे फळीच्या खाचेत बसणारी लाकडी जीभ. फळ्यांना आतून आधार द्यायला बरगड्या नाहीत. फटी पपायरस या पाणवनस्पतीने बुजवायच्या. सुकाणू एकच, तेही होडीच्या तळाच्या कण्यातून आरपार गेलेलं. नाव ‘बारिस’.

अशी होडी कुणाला सापडलेली नव्हती. त्यामुळे हे वर्णन शब्दशः घ्यायचं की नाही, यावर अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत राहिले. मग अलेक्झांड्रियाजवळच्या अबू किर उपसागरात थोनिस-हेराक्लिऑन हे बुडालेलं बंदर फ्रांक गोदिओ यांच्या चमूला सापडलं. तिथल्या गाळात साठाहून जास्त जहाजांचे सांगाडे निघाले. त्यांतल्या १७ क्रमांकाच्या जहाजाचा अभ्यास अलेक्झांडर बेलोव्ह यांनी केला आणि २०१९ च्या सुमारास तो जगासमोर आला. बाभळीच्या जातीचं लाकूड, विटांसारख्या रचलेल्या आखूड जाड फळ्या, जवळपास दोन मीटर लांबीची कुसवं, आणि सुकाणूसाठी कण्यातच पाडलेली भोकं! सुमारे अडीच हजार वर्षं पाण्याखाली राहिलेल्या त्या लाकडाने हिरोडोटसची साक्ष खरी ठरवली.

मला याहून मोलाची वाटते ती त्याच्या ग्रंथातली एक कबुली. होडीचं वर्णन संपल्यावर तीनच परिच्छेदांनी तो थांबतो आणि वाचकाला सांगतो, की इथपर्यंत मी सांगितलं ते माझं पाहणं, माझा विचार आणि माझी चौकशी. इथून पुढे मी इजिप्तच्या लोकांकडून ऐकलेलं सांगणार आहे. ही रेघ त्याने स्वतः आखली आहे. आणि त्याच्या खऱ्याखोट्याचा हिशेब मांडायला बसलं, की बराचसा हिशेब याच रेघेपाशी येऊन थांबतो.

रेघेच्या पलीकडे राजांचा इतिहास सुरू होतो आणि तिथे त्याचा पाय घसरतो. खुफू राजाचा गिझाचा मोठा पिरॅमिड बांधायला एका वेळी एक लाख माणसं तीन-तीन महिन्यांच्या पाळ्यांनी राबत होती, आणि काम २० वर्षं चाललं, असं तो लिहितो. मजुरांना खाऊ घातलेल्या मुळा, कांदा, लसणाचा खर्च १,६०० टॅलंट (वजनाचं जुनं ग्रीक माप) चांदी, असं पिरॅमिडवर कोरलेलं आहे, हे त्याला दुभाष्याने वाचून दाखवलं. त्याला ती लिपी येत नव्हती. दुभाष्या म्हणेल ते खरं. शिवाय खुफू होऊन गेल्याला तेव्हाच दोन हजार वर्षं उलटली होती. आपण आज सातवाहनांकडे पाहतो, तेवढं ते अंतर. हिरोडोटसच्या यादीत तर खुफू ट्रॉयच्या युद्धानंतर येतो, म्हणजे हजाराहून जास्त वर्षांची चूक.

खुफूच्या काळाची खरी साक्ष २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे मिळाली. पिएर ताले यांच्या उत्खननात तिथे खुफूच्याच कारकिर्दीतले, पपायरसच्या कागदावर लिहिलेले लेख निघाले. त्यांत मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. तुरा इथल्या खाणीतून चुनखडीचे दगड होडीत भरले, अमुक दिवशी गिझाला पोहोचवले, रात्री कुठे मुक्काम केला, पुन्हा परत निघालो. कोरड्या नोंदी आहेत, पण पिरॅमिडच्या कामावरच्या माणसाने त्या स्वतःच्या काळात लिहिल्या आहेत. दुभाष्याची कांदा-लसणाची गोष्ट त्यांच्यापुढे फिकी पडते.

रेघेच्या अलीकडेही सगळं निर्दोष नाही. ममी बनवण्याची रीत हिरोडोटसने तपशिलात दिली आहे. नाकातून आकडा घालून मेंदू काढायचा, धारदार दगडाने कूस चिरायची, ताडीने आतून धुवायचं, ऐपतीप्रमाणे तीन प्रकार. यातलं बरंचसं प्रत्यक्ष ममींशी जुळतं. पण प्रेत ७० दिवस नेट्रॉन या क्षारात ठेवतात, असं तो म्हणतो. इजिप्तच्या स्वतःच्या लेखांवरून ७० दिवस हा सगळ्या विधींचा मिळून काळ दिसतो. १९९४ मध्ये बॉब ब्रायर आणि रोनाल्ड वेड यांनी अमेरिकेत एका देहदान केलेल्या व्यक्तीच्या शरीरावर जुन्या पद्धतीने प्रयोग केला, तेव्हा नेट्रॉनमध्ये ३५ दिवस पुरले. डायोडोरस हा सिसिलीचा ग्रीक लेखक पुढे चार शतकांनी लिहितो, की शरीरावरचे संस्कार तीस दिवसांहून जास्त चालतात. इथे तोच अधिक जवळ जातो.

राजांच्या क्रमासाठी मात्र मानेथोकडे जावं लागतं. तो सेबेनिटॉसचा इजिप्शियन पुजारी. इ.स.पू. तिसऱ्या शतकात, ग्रीक वंशाच्या टॉलेमी राजांच्या अमदानीत, त्याने देवळांतल्या नोंदी वाचून आपल्या देशाचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला आणि राजांची ३० घराण्यांत मांडणी केली. आजही आपण तुतनखामेनला अठराव्या घराण्याचा म्हणतो, ते त्याच्यामुळे. तो ग्रंथ मात्र हरवला. उरले ते इतरांनी घेतलेले उतारे, आणि घेणाऱ्यांचे हेतू वेगवेगळे. जोसेफस या ज्यू इतिहासकाराला ज्यू लोकांचं प्राचीनत्व सिद्ध करायचं होतं, ख्रिस्ती लेखकांना बायबलशी कालगणना जुळवायची होती. आकडे नकलताना बदलले. देवळांतल्या नोंदी वाचू शकणाऱ्या या एकाच माणसाचं पुस्तक आपल्याला पूर्ण मिळू नये, याची हळहळ वाटते.

स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार इ.स.पू. २५ च्या सुमारास रोमन सुभेदार एलियस गॅलसबरोबर नाईलवरून दक्षिणेला गेला. तांबड्या समुद्रावरच्या मायोस होर्मोस बंदरातून वर्षाला १२० जहाजं भारताकडे जातात, हे त्यानेच टिपलं. त्याच किनाऱ्यावरच्या बेरेनिके इथे देवळाच्या उत्खननात भारतीय बनावटीचा रांजण मिळाला, त्यात साडेसात किलो काळी मिरी होती.

मेम्फिस या जुन्या राजधानीजवळच्या सेरापिस देवाच्या देवळाबद्दल स्ट्रॅबो लिहितो, की तिथे वाऱ्याने वाळूचे ढीग साचतात. आपण पाहिलेल्या स्फिंक्सच्या मूर्तींपैकी काही अर्ध्या, तर काही डोक्यापर्यंत वाळूत गाडल्या गेल्या होत्या. १८५० च्या ऑक्टोबरात ऑग्युस्त मारिएत हा फ्रेंच अभ्यासक मेम्फिसजवळच्याच सक्काराच्या वाळवंटात उभा होता. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाने त्याला कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या ख्रिस्ती लोकांच्या भाषेतली, हस्तलिखितं विकत घ्यायला पाठवलं होतं. त्याला वाळूतून वर आलेलं एका स्फिंक्सचं डोकं दिसलं आणि स्ट्रॅबोच्या त्या ओळी आठवल्या. त्याने हस्तलिखितांचा नाद सोडला, मजूर लावले आणि एकापुढे एक स्फिंक्स उकरत तो पुढे सरकत गेला. वर्षभराने, नोव्हेंबर १८५१ मध्ये, तो जमिनीखालच्या बोगद्यांत उतरला. दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत एपिस या पवित्र बैलांच्या दगडी शवपेट्या होत्या, माणसाच्या उंचीहून मोठ्या.