दोर पोहोचतो, पण मूठ वळत नाही

१३ जानेवारी १९८२, वॉशिंग्टन. पोटोमॅक नदीवर बर्फाचा थर, आणि त्यात कोसळलेल्या विमानाच्या वर उरलेल्या शेपटाला लटकून सहा माणसं. त्यांच्या हाती एकच लाइफजॅकेट लागलं, तेही प्लास्टिकच्या पिशवीत बंद. ती पिशवी फोडायला बोटांत जोरच उरला नव्हता. शेवटी दातांनी फाडावी लागली. अपघाताच्या अधिकृत चौकशी अहवालात ही बाब नोंदलेली आहे. गोठत्या पाण्यातल्या हेलिकॉप्टर बचावाचा इतिहास वाचताना मला तरी हीच पिशवी सारखी आठवते.

कारण सुरुवात झाली ती दोराच्या भरवशावर. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ पेनफील्ड रीफवर वादळात एक तेलाचा बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट) अडकला. सिकॉर्स्की कंपनीचा कारखाना जवळच होता. वैमानिक जिमी व्हायनर आणि कॅप्टन जॅक्सन बेइगल आर-५ हेलिकॉप्टर घेऊन निघाले आणि त्यांनी विंचने, म्हणजे दोर गुंडाळून वर ओढणाऱ्या यंत्राने, दोघांना उचललं. दुसऱ्याच्या वेळी विंच अडकला आणि तो गडी बाहेर लोंबकळतच किनाऱ्याला पोहोचला. हेलिकॉप्टरच्या विंचने केलेली ही पहिली सुटका मानली जाते. पण हे दोघे बार्जवर उभे होते, पाण्यात नव्हते. पट्टा अंगात अडकवण्याइतके त्यांचे हात चालत होते.

पोटोमॅकमध्ये नेमकं तेच नव्हतं. एअर फ्लोरिडाचं बोईंग ७३७ पंखांवर बर्फ साचलेलं असतानाच उडालं आणि दुपारी चारच्या सुमारास पुलावर आदळून नदीत गेलं. विमानात ७९ जण होते. बर्फामुळे होड्या पुढे सरकेनात. वीसेक मिनिटांनी पार्क पोलिसांचं छोटं बेल हेलिकॉप्टर आलं. वैमानिक डोनाल्ड अशर, सोबत पॅरामेडिक जीन विंडसर. त्याला विंचच नव्हता. विंडसरने फासाचा साधा दोर सोडला आणि माणसांना बर्फावरून फरफटत काठाला आणलं. एकीला तर स्किडवर, म्हणजे हेलिकॉप्टरच्या खालच्या दांड्यावर, उतरून त्याने हातांनीच वर ओढून घेतलं. त्या वेळी स्किड पाण्याला टेकले होते. दुसऱ्या एका बाईच्या हातून दोर निसटला, तेव्हा काठावर उभा असलेला लेनी स्कटनिक हा सरकारी कर्मचारी कोट-बूट काढून पाण्यात शिरला आणि तिला घेऊन आला. आर्लंड विल्यम्स आपल्याकडे आलेला दोर दरवेळी दुसऱ्याच्या हाती देत राहिला. हेलिकॉप्टर त्याच्यासाठी परतलं तोवर शेपूट आणि तो, दोन्ही पाण्याखाली गेले होते. विमानातले पाच जण वाचले.

तेरा महिन्यांनी दुसरा तडाखा बसला. १२ फेब्रुवारी १९८३ च्या पहाटे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यापासून दूर ‘मरीन इलेक्ट्रिक’ हे कोळशाचं जुनं जहाज उलटलं. पाणी जेमतेम चार अंश. तटरक्षक दलाचं हेलिकॉप्टर आलं, टोपली पाण्यात सोडली, अगदी माणसांच्या शेजारी. पण कुणाला तीत चढता येईना. दलाकडे खाली उतरवायला प्रशिक्षित माणूस नव्हता. नौदलाकडे होता, त्याला बोलावणं गेलं. तो येऊन पाण्यात उतरला तोवर बहुतेकांचा जीव गेला होता. ३४ पैकी तिघे वाचले. या ३१ मृत्यूंनंतर अमेरिकी संसदेने तटरक्षक दलाला रेस्क्यू स्विमर, म्हणजे हेलिकॉप्टरमधून पाण्यात उतरणारे बचावपटू, तयार करण्याचा आदेश दिला आणि १९८५ मध्ये एलिझाबेथ सिटीच्या तळावर पहिले स्विमर रुजू झाले. इतकी साधी गोष्ट उमगायला दोन हिवाळे आणि एवढे बळी लागावेत, हे पटत नाही.

गारठ्यात शरीर आधी मधला भाग सांभाळतं आणि हातापायांचं रक्त आखडतं घेतं. दहाएक मिनिटांत दंडाखालचे स्नायू आणि नसा इतक्या थंडावतात, की समोरचा दोर दिसतो पण मूठ वळत नाही. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो. त्याचा जीव जायला अजून बराच वेळ असतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ बार्ज बुडाला, तेव्हा कित्येक जण तासन् तास तरंगूनही वाचले. तिथे लाटा भयंकर होत्या, पण पाणी उबदार होतं.

वर उचलण्यातही धोका असतो, हेही कळत गेलं. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या होड्यांच्या शर्यतीतल्या वादळात १५ खलाशी गेले. त्यांतले काही तर ऐन सुटकेच्या वेळी. पाण्याचा दाब पायांना आवळून धरतो आणि रक्ताला वर ठेवतो. गारठलेल्या माणसाला उभं उचललं की तो दाब एकदम जातो, रक्त पायांत उतरतं आणि हृदय कोलमडतं. म्हणून आता काखेतल्या पट्ट्यासोबत दुसरा पट्टा गुडघ्यांखाली घालतात आणि माणूस जवळजवळ आडवा वर येतो.

वेगाच्या प्रवाहात स्विमर शक्यतो केबलपासून सुटत नाही, नाहीतर दोघांना शोधत फिरावं लागतं. आणि हुक माणसाला लागण्याआधी पाण्याला टेकवतात, कारण पंखे फिरून हेलिकॉप्टरवर साचलेली वीज पहिल्या स्पर्शाला झटका देते. वैमानिकाला थेट खालचं दिसत नाही. दारात बसलेला विंचवाला सांगत राहतो: दोन फूट पुढे, एक फूट उजवीकडे, थांब.