आरोग्य परिणाम मूल्यमापन

एखादे धोरण, कायदा, योजना किंवा प्रकल्प अमलात येण्याआधी त्याचा लोकांच्या आरोग्यावर काय परिणाम होईल, आणि तो कोणाच्या वाट्याला किती येईल, याचा पुराव्यानिशी अंदाज बांधण्याची पद्धत. धरण, महामार्ग, कारखाना, पुनर्वसन वसाहत यांना ती लागू पडते, तशीच किमान वेतन, बसभाडे, शालेय आहार अशा निर्णयांनाही. पर्यावरणाच्या बाबतीत सरकारी मराठीत ‘आघात’ हा शब्द रुळला आहे. पण आघात म्हटले की फक्त नुकसान डोळ्यांपुढे येते. इथे फायदाही मोजायचा असतो, म्हणून ‘परिणाम’ अधिक योग्य.

अमेरिकेने 1969 मध्ये राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायदा केला, तेव्हापासून प्रकल्पाआधी परिणाम तपासण्याची प्रथा जगभर पसरली. त्यात माणसाचे आरोग्य बराच काळ हवा-पाण्याच्या तक्त्यांआड राहिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय केंद्राने 1999 मध्ये मांडलेल्या गॉथेनबर्ग सहमती मसुद्याने आरोग्य परिणाम मूल्यमापनाची आज सर्वत्र वापरली जाणारी व्याख्या दिली. तिचे खरे मोल शेवटच्या भागात आहे: परिणाम किती होईल एवढेच पाहून भागत नाही, लोकसंख्येत त्याची वाटणी कशी होईल तेही पाहावे लागते. शहराची सरासरी सुधारली आणि एका वस्तीची फुप्फुसे गेली, तर ते यश मानायचे का, हा प्रश्न त्या व्याख्येने टेबलावर आणला. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत ताशी 11 डॉलर वेतनाच्या प्रस्तावाचा असा अभ्यास झाला. पगार वाढल्याने प्रौढांचा मृत्यूचा धोका घटेल आणि त्यांची मुले जास्त शिकतील, असा निष्कर्ष निघाला. आरोग्य खात्याबाहेरच्या निर्णयांतून आरोग्य कसे घडते, याचे हे बोलके उदाहरण.

आधी न विचारल्याची किंमत सेनेगलमध्ये दिसते. सेनेगल नदीच्या मुखाजवळ 1986 मध्ये दियामा धरण पूर्ण झाले. समुद्राचे खारे पाणी आत शिरू नये आणि उसाला, भाताला गोडे पाणी मिळावे, हा हेतू, आणि तो साधलाही. पण खारेपणा गेला तसे कालव्यांत गोड्या पाण्यातल्या गोगलगायी वाढल्या. त्यांना खाणाऱ्या कोळंबीला अंडी घालायला खाडीच्या मचूळ पाण्यात उतरावे लागते. धरणाने तिची वाट अडवली. या गोगलगायींच्या अंगात वाढणारा, शिस्टोसोमियासिस हा आजार देणारा बारीक कृमी पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतो. 1988 मध्ये रिशार-तोल या साखर कारखान्याच्या गावात या आजाराचे आतड्यांचे रुग्ण सापडू लागले आणि पुढे तिथे मोठी साथ पसरली. कपडे धुणाऱ्या बायका आणि डुंबणारी मुले त्याच कालव्यात उतरत होती. घानातल्या आकोसोंबो धरणानंतर व्होल्टा सरोवराच्या काठी वीसेक वर्षे आधी असेच घडले होते. म्हणजे धडा उपलब्ध होता.

मूल्यमापनाची सुरुवात छाननीने होते: अभ्यासाची गरज आहे का, आणि निर्णय अजून बदलण्याजोगा आहे का? नसेल तर अभ्यास करून उपयोग नाही. मग व्याप्ती ठरते, सध्याच्या आरोग्याची नोंद होते, परिणामांचा अंदाज बांधला जातो, शिफारशी केल्या जातात आणि शेवटी देखरेख. काही आठवड्यांत उरकणारा झटपट अभ्यास असतो, काही महिने चालणाराही असतो. व्याप्ती ठरवण्याचा टप्पा सर्वांत नाजूक. कोणते प्रश्न विचारायचे हे तिथे ठरते, आणि स्थानिक लोकांना तिथे बसवले नाही तर पुढची सारी आकडेमोड चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देत राहते.

मुंबईला या विचाराची ओळख जुनी आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढून समुद्राची हवा आत आणायची, असा त्याचा बेत होता. (ट्रस्टने जितकी माणसे उठवली तितकी घरे बांधली नाहीत, त्यामुळे शेजारच्या चाळींत दाटी वाढली, हाही एक न मोजलेला परिणामच.) ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी 1912 च्या सुमारास साडेत्रेसष्ट अंशांचा नियम हिरिरीने मांडला. खोलीच्या भिंतीच्या पायथ्याहून साडेत्रेसष्ट अंशांत वर रेघ ओढली, तर समोरची इमारत त्या रेघेवर डोके काढता कामा नये. सोप्या हिशेबात, इमारतीच्या उंचीच्या निम्मे अंतर मोकळे सोडायचे.

आता गोवंडीतले नटवर पारेख कंपाउंड पाहावे. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इथल्या सात मजली इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर अंतर आहे. इमारत 21 मीटर उंच धरली, तर ऑर यांच्या हिशेबाने साडेदहा मीटर हवे होते. पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत होती. 225 चौरस फुटांचे पक्के घर मिळते आहे, मग उजेडाची चौकशी कोण करणार? खालच्या मजल्यांवर भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. दोन इमारतींमधल्या फटीत कचरा साचतो, म्हणून खिडकी बंद राहते, आणि क्षयरोगाचे जंतू खोलीतल्या कोंदट हवेत तरंगत राहतात. डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबई यांच्या 2018 मध्ये पुढे आलेल्या अभ्यासात नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये क्षयरोगाचे प्रमाण जास्त आढळले. जवळच्याच, पण मोकळ्या आखणीच्या पीएमजीपी (प्राइम मिनिस्टर्स ग्रँट प्रोजेक्ट) वसाहतीत ते बरेच कमी होते. लोक राहायला गेल्यानंतरचा हा अभ्यास. नकाशा टेबलावर असताना तो झाला असता, तर इमारतीची रेघ सात-साडेसात मीटर सरकवावी लागली असती, एवढेच.

काही देशांनी आणि प्रांतांनी हे कायद्यात बसवले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 2001 च्या आणि वेल्सने 2017 च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद केली. थायलंडच्या 2007 च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने हे मूल्यमापन मागण्याचा हक्कच नागरिकांना दिला. सप्टेंबर 2009 मध्ये तिथल्या न्यायालयाने माप ता फुत औद्योगिक परिसरातले 76 प्रकल्प थांबवले. आरोग्याचा अभ्यास आणि लोकांचा सल्ला या राज्यघटनेतल्या अटी पाळल्या गेल्या नव्हत्या. डिसेंबरमध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यांतल्या 11 प्रकल्पांना परवानगी दिली.

भारतात यासाठी वेगळा कायदा नाही. 1994 ची आणि तिच्या जागी आलेली 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरणविषयक अधिसूचना, हाच मुख्य आधार. तिच्यानुसार प्रकल्पासाठी होणाऱ्या पर्यावरण अहवालात आरोग्याचे प्रकरण अनेकदा जवळच्या दवाखान्यांच्या यादीपाशी थांबते. जनसुनावणीची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सुनावणीच्या शेवटी नोंदवलेला गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवणेही बंधनकारक आहे. धुळीने पोरांना दम लागतो, विहिरीचे पाणी मचूळ झाले, हे कोणी उठून सांगितले असेल आणि वाचनात आले नसेल, तर ते तिथेच, सर्वांसमक्ष लिहून घ्यायला लावता येते. प्रकल्पाच्या मंजुरीचा विचार करणाऱ्या तज्ज्ञ समितीकडे जातो तो हाच कागद.