पार्श्वभूमी: पेंडेरिनची व्हिस्की, मदेराचं पिंप आणि ‘फिनिश’चा घोळ

वेल्श व्हिस्कीची गोष्ट बहुतेक जण १ मार्च २००४ पासून सांगतात, आणि त्यात फारसं चूक नाही. त्या दिवशी, वेल्सच्या संत डेव्हिडच्या सणाला, ब्रेकन बीकन्स डोंगरांतल्या पेंडेरिन गावच्या डिस्टिलरीची पहिली बाटली विक्रीला आली. भट्टी सुरू झाली होती २००० मध्ये. त्याआधी जवळजवळ शंभर वर्षं मैदान रिकामंच होतं. उत्तर वेल्समध्ये बाला गावाजवळच्या फ्रोंगोखला १९व्या शतकाच्या अखेरीस एक भट्टी निघाली, पण ती टिकली नाही. पुढे १९१६च्या उठावातले आयरिश कैदी तिच्या आवारात ठेवले, म्हणून तिचं नाव राहिलं. १९७०नंतर ‘वेल्श’ म्हणून जे खपवलं गेलं ते मुळात स्कॉच होतं, वनस्पतींतून झिरपवलेलं. त्यावरून कोर्टकचेरी झाली.

पेंडेरिनची भट्टीही वेगळी. स्कॉटलंडमध्ये साधारण दोन भांड्यांत दोनदा गाळतात. इथल्या मूळ भट्टीत तांब्याचं एक भांडं आणि त्याला जोडलेला उंच स्तंभ. आराखडा मायकेल फॅरेडेच्या घराण्यातल्या एकाचा. त्यातून निघणारी दारू सुमारे ९२ टक्के अल्कोहोलची असते, स्कॉच माल्टची ७०च्या आसपास. इतकं गाळल्यावर जड, तेलकट अंश फारसे उरत नाहीत. २०१४पर्यंत तर वॉश, म्हणजे गाळण्याआधीचा आंबवलेला द्रवही कार्डिफच्या एका ब्रुअरीतून यायचा. स्कॉचच्या कायद्यात हे बसलं नसतं, वेल्सला तो लागू नव्हता.

आता ‘फिनिश’. चाखायला बसलेल्या मंडळींत या शब्दाइतका गोंधळ दुसरा कुठलाच घालत नाही. एक फिनिश घोट गिळल्यानंतरचा, म्हणजे चव जिभेवर किती रेंगाळते तो. दुसरा पिंपाचा. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात काही वर्षं मुरलेली व्हिस्की काढून मदेरासारख्या वाइनच्या रिकाम्या पिंपात काही महिने ठेवायची. मग ‘फिनिश मदेरा आहे’ आणि ‘फिनिश छोटा आहे’ ही वाक्यं एकाच टेबलावर येतात आणि नवखा माणूस दोन्हीला मान डोलावतो. त्यात किती महिने ठेवलं की फिनिश म्हणायचं, हे स्कॉचच्या नियमांतही ठरलेलं नाही. पिंप कशाचं चालेल यावर मात्र भरपूर खल झाला. २०१९मध्ये ती यादी सैल झाली, टकीलाची पिंपं आत आली, चेरी-जर्दाळूसारख्या आठळीच्या फळांच्या दारूची बाहेरच राहिली.

स्कॉटलंडमध्ये ही पद्धत १९८०च्या दशकात रुजली आणि १९९०च्या दशकात बाटल्यांवर मिरवू लागली. शुद्धतावाद्यांचा आक्षेप तेव्हापासूनचा: शिळ्या भाताला फोडणी. काही बाटल्यांना तो लागूही पडतो. पेंडेरिनला लावणं मला पटत नाही. इथे मूळ दारूच इतकी हलकी आहे की पिंपाचं काम धरूनच ती घडवली आहे. पहिली बाटलीही मदेरा फिनिशचीच होती. फोडणी नंतर सुचलेली नाही, ती पाककृतीतच होती.

मदेराच का, याचं उत्तर थोडं समुद्रात आहे. या पोर्तुगीज बेटावरची वाइन हिंदुस्थानकडे जाणाऱ्या जहाजांतून उष्ण कटिबंध ओलांडून जायची, काही पिंपं परतही यायची, आणि उन्हाने नासण्याऐवजी जास्त चवदार व्हायची. पुढे बेटावरच वाइन तापवायला लागले. लेबलवर नुसतं ‘वाइन’ लिहिलं की ती साधी रेड वाटते. मदेरात मात्र स्पिरिट, म्हणजे गाळलेली कडक दारू, घातलेलं असतं. साध्या रेड वाइनची पिंपं आतून तासून, भाजून, पुन्हा जाळून वापरण्याचं तंत्र वेगळं. त्यासाठी नावाजलेला जो सल्लागार पेंडेरिनला होता, त्यानेच तैवान आणि बेंगळुरूच्या भट्ट्यांनाही सल्ला दिला.

४६ टक्क्यांची ही व्हिस्की ग्लासात दोन-चार थेंब पाण्यासह घ्यावी. आधी व्हॅनिला आणि हिरवं सफरचंद, ते बर्बनच्या पिंपाचं. मदेराचा मनुका मागून येतो, ग्लास तळहातात जरा कोमट झाल्यावर.

२०२३मध्ये ‘सिंगल माल्ट वेल्श व्हिस्की’ला ब्रिटनमध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर पेंडेरिनवाल्यांनी लॅन्डिड्नोला दुसरी भट्टी उघडली होती, त्याच वर्षी स्वॉन्झीतही एक निघाली.