हजार्डस माल वाहतूक: लायसन्सवरची नोंद, गाडीवरचा फलक आणि केबिनमधले कागद

लायसन्सवर 'ट्रान्सपोर्ट' आहे, तेवढ्यावर ॲसिडचा टँकर चालवता येत नाही. पेट्रोल, एलपीजी, अमोनिया, क्लोरीन, सल्फ्युरिक ॲसिड किंवा पिंपांमधले सॉल्व्हंट नेणाऱ्या चालकाच्या लायसन्सवर धोकादायक, म्हणजे 'हजार्डस' मालाची वेगळी नोंद लागते. चालकाच्या अटी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९ मध्ये आहेत. गाडी, माल पाठवणारा आणि मालक यांच्या जबाबदाऱ्या नियम १२९ ते १३७ मध्ये आहेत. नोंदीचा अर्ज तसा सोपा आहे. खरी गडबड होते ती नंतर, माल भरताना.

पात्रता

आधी वैध ट्रान्सपोर्ट लायसन्स हवे. त्यासाठी वयाची अट २० वर्षे. गाडी ज्या वर्गातली, तो वर्गही लायसन्सवर असावा. चालकाला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली किमान एक भाषा आणि इंग्रजी, दोन्ही लिहिता-वाचता यायला हवे. इंग्रजीची अट अनेकांना जाचक वाटते, पण पिंपावरचे लेबल आणि मालाचे तांत्रिक नाव बहुधा इंग्रजीतच छापलेले असते. ते वाचता न येणारा चालक अग्निशमन दलाला फोनवर काय सांगणार?

तिसरी अट प्रशिक्षणाची. लायसन्सधारकासाठी हा अभ्यासक्रम तीन दिवसांचा असतो. त्यात सुरक्षित ड्रायव्हिंगबरोबर मालाचे वर्गीकरण, ट्रेम कार्ड (त्या मालाचा अपघात झाल्यास काय करायचे ते सांगणारे कार्ड), गळती हाताळणे, आग विझवणे, प्रथमोपचार, व्हॉल्व्हची माहिती आणि विहिरी, नद्या व तलाव दूषित होऊ न देणे हेही येते. व्हॉल्व्हच्या तासाला डुलकी काढणारे बरेच असतात. २० डिसेंबर २०२४ रोजी जयपूर-अजमेर महामार्गावर एलपीजी टँकरला धडक बसून त्याचे नोझल तुटले आणि गॅस पसरून पेटला. तो तास अभ्यासक्रमात का आहे, ते यावरून कळावे.

अर्ज कसा करायचा

नियमानुसार चालक जिथे राहतो तिथल्या परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे, साध्या कागदावरचा अर्ज, लायसन्स आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र द्यायचे. आता सुरुवात सारथी या लायसन्सच्या सरकारी पोर्टलवर होते. राज्य निवडा, ड्रायव्हिंग लायसन्सच्या सेवांमध्ये जा, लायसन्स क्रमांक व जन्मतारीख भरा आणि धोकादायक माल वाहण्याच्या नोंदीची सेवा निवडा. कागद अपलोड करून शुल्क भरा. त्यानंतर मूळ कागद घेऊन कार्यालयात पडताळणी. लायसन्स दुसऱ्या कार्यालयाने दिलेले असेल तरी अर्ज राहत्या ठिकाणी चालतो. नोंद केल्याचे मूळ कार्यालयाला कळवण्याचे काम आरटीओचे असते, चालकाचे नव्हे.

सोबत ठेवायचे कागद:

- मूळ लायसन्स
- प्रशिक्षण पूर्ण केल्याचे मूळ प्रमाणपत्र
- ओळखीचा व पत्त्याचा पुरावा
- नूतनीकरण असेल तर नमुना १-अ मधले वैद्यकीय प्रमाणपत्र
- शुल्काची पावती

अर्ज अडकण्याची कारणे ठरलेली आहेत. प्रमाणपत्रावरचे नाव लायसन्सवरच्या नावाशी जुळत नाही. एकीकडे वडिलांचे नाव पूर्ण, दुसरीकडे नुसते आद्याक्षर. जुने पुस्तकी लायसन्स सारथीत चढवलेलेच नसते, मग आधी त्याची नोंद करून घ्यावी लागते. किंवा प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेला मान्यताच नसते आणि तीन दिवस व फी दोन्ही वाया जातात. मान्यतेची खात्री फी भरण्याआधी आरटीओत करून घ्या, संस्थेच्या दारावरच्या पाटीवरून नको.

मुदत

ट्रान्सपोर्ट लायसन्सची मुदत साधारणपणे पाच वर्षे असते. धोकादायक मालासाठी ती तीन वर्षे आहे. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी एकच वर्ष होती. नूतनीकरणाआधी उजळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते. लायसन्सवर खासगी गाडीची, ट्रान्सपोर्टची आणि हजार्डसची मुदत वेगवेगळी असते. चालक बहुधा सगळ्यांत लांबची तारीख पाहून निर्धास्त राहतो आणि तपासणीत सापडतो. मालकाने प्रत्येक चालकाची हजार्डसची तारीख फिटनेस, पीयूसी आणि विम्याच्या तारखांच्या शेजारीच लिहून ठेवावी.

गाडीवर काय हवे

आपत्कालीन माहितीचा फलक तीन ठिकाणी लागतो: दोन्ही बाजूंना आणि मागे. त्यावर मालाचे नेमके तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत आणि युएन वर्ग क्रमांक (मालाच्या धोक्याचा प्रकार सांगणारा) किमान १०० मिलिमीटर उंचीच्या अंकांत लिहायचा. वर्ग चिन्ह किमान २५० मिलिमीटर चौरस हवे. आपत्कालीन सेवेचे नाव व दूरध्वनी, तसेच माल पाठवणाऱ्याचा किंवा त्या मालाची जाण असलेल्या व्यक्तीचा क्रमांकही ५० मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरांत चालत नाही. शिवाय स्पार्क अरेस्टर (धुराड्यातून ठिणग्या बाहेर पडू न देणारा), वेग व धावण्याचा काळ नोंदवणारे यंत्र, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, हत्यारांची पेटी आणि त्या मालाच्या विषबाधेवर लागणारे उतारे.

फलकावर बहुधा हॅझकेम कोडही असतो; आग किंवा गळतीत काय करायचे, ते तो अग्निशमन दलाला सांगतो. सल्फ्युरिक ॲसिडचा युएन क्रमांक १८३० आणि कोड '२ पी'. यातला २ म्हणजे बारीक फवारा, पी म्हणजे भरपूर पाण्याने सौम्य करा. टोल्युइन या ज्वालाग्राही सॉल्व्हंटचा क्रमांक १२९४ आणि कोड '३ वाय ई'. इथे ३ म्हणजे फेस, वाय म्हणजे सांडलेला माल अडवा, गटारात जाऊ देऊ नका आणि ई म्हणजे आसपासची माणसे हलवण्याचा विचार करा. आता समजा, काल ॲसिडची पिंपे नेलेल्या ट्रकवर आज टोल्युइन चढले आणि फलक कालचाच राहिला. अपघात झाला की अग्निशमन दल दुरून कोड वाचून पाणी मारणार. टोल्युइन पाण्यापेक्षा हलके, त्यात मिसळत नाही. ते पाण्यावर तरंगत, पेटलेलेच, गटारातून पुढे जाणार. म्हणून फलक बदलल्याशिवाय गेट पास द्यायचा नाही, असा नियम कारखान्यानेच लावावा. उलट चूकही होते: माल उतरला म्हणून रिकाम्या टँकरला निर्धोक समजतात. आत वाफा शिल्लक असतात, आणि पेट्रोलच्या बाबतीत पेटायला तेवढ्याच पुरतात.

केबिनमधले कागद

नोंद असलेले लायसन्स, आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, बिल्टी आणि ट्रेम कार्ड. ट्रेम कार्ड त्याच मालाचे हवे. 'केमिकल' असे मोघम नाव चालत नाही. ते केबिनमध्ये हाताशी ठेवा, सीटखाली कुलपात नको. मालाची लेखी माहिती देणे हे माल पाठवणाऱ्याचे काम आहे. गाडीची नोंदणी व परमिट वैध आहे ना, चालक प्रशिक्षित आहे ना, हेही त्यानेच पाहायचे. त्यामुळे 'ट्रान्सपोर्टर बघून घेईल' हा कारखान्याचा बचाव टिकत नाही.

पेट्रोलियम आणि दाबाखालचे वायू नेणाऱ्या टँकरला याशिवाय पेसो या स्फोटक सुरक्षा संघटनेचा परवाना लागतो. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

माल नसून घातक कचरा असेल तर २०१६ चे घातक कचरा नियमही लागू होतात. गाडीबरोबर नमुना १० मधले मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कोणाकडून कोणाकडे गेला याचा कागद, असते, सात रंगांच्या सात प्रती. पांढरी प्रत पाठवणारा प्रदूषण नियंत्रण मंडळाला देतो, पिवळी स्वतःकडे ठेवतो, गुलाबी घेणाऱ्याकडे राहते, नारिंगी वाहतूकदाराला मिळते. निळी प्रत माल पोहोचल्यावर पाठवणाऱ्याकडे परत यायला हवी. ती आली नाही तर कचरा वाटेत कुठे रिकामा झाला, याचा शोध पाठवणाऱ्यानेच लगेच घ्यावा. अंतिम विल्हेवाटीसाठी कचरा परराज्यात जात असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांचे ना हरकत प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते.

रस्त्यावर

उभी गाडी चालकाच्या किंवा १८ वर्षांवरील जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच हवी. ढाब्यावर टँकर सोडून झोपायला जाणे नियमात बसत नाही. अपघात झाल्यास चालकाने ताबडतोब जवळच्या पोलिस ठाण्यात वर्दी द्यावी आणि मालकाला कळवावे. नियम मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० प्रमाणे पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड, एक वर्षापर्यंतच्या कैदेचीही तरतूद. पुन्हा सापडल्यास दंड २०,००० रुपये आणि कैद तीन वर्षांपर्यंत.