नळीवरची बुळबुळ

पुण्यात पावसाळा लागला की ताप म्हणजे डेंगी नाहीतर व्हायरल, हे निदान आपण घरीच करून टाकतो. ‘डोक्यात पाणी झालं’ म्हणून ज्या बाळाला नळी बसवली आहे, त्याच्या बाबतीत मात्र असं करू नये. विशेषतः ऑपरेशनला काही महिनेच झाले असतील तर.

हे पाणी मेंदूतच तयार होतं. मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि तेवढंच रक्तात शोषलंही जातं. वाट अडली की ते मेंदूच्या पोकळ्यांत तुंबतं. शंट म्हणजे ते पोटात उतरवणारी, कातडीखालून नेलेली सिलिकॉनची नळी, मध्ये एक झडप. अशी एक भरवशाची झडप १९५६मध्ये बनवली जॉन होल्टरने. हा डॉक्टर नव्हे, फिलाडेल्फियातल्या कुलपांच्या कारखान्यातला तंत्रज्ञ. त्याच्याच मुलाला हा आजार होता.

नळीत जंतू शिरले की आई आधी स्वतःलाच दोष देते. अंघोळ लवकर घातली का? टाळूवर तेल घातलं म्हणून झालं का? बहुतेक वेळा तसं नसतं. जंतू बाळाच्याच कातडीवरचा असतो, स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस, आणि तो ऑपरेशनच्या वेळीच नळीला चिकटलेला असतो. कातडीवर हा अगदी गरीब प्राणी. सिलिकॉनवर मात्र तो स्वतःभोवती चिकट थर रचतो. ओंकारेश्वराच्या घाटाच्या पायरीवर पाय घसरवणारी बुळबुळ असते ना, तसाच. थरातले जंतू सुस्तावतात, आणि प्रतिजैविकं वाढत्या जंतूंनाच नीट मारतात. १९७२मध्ये बेस्टन आणि पेनी या संशोधकांनी असा थर दाखवला, तोही होल्टरच्याच शंटच्या संदर्भात.

मग नळीच औषधात मुरवली तर? ब्रिटन-आयर्लंडमधल्या सुमारे १,६०० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०१९मध्ये आला. साध्या नळीत संसर्ग ६ टक्के, प्रतिजैविक मुरवलेल्या नळीत २ टक्के. चांदी मुरवलेल्या नळीत पुन्हा ६! बाळाला चांदीच्या वाटी-चमच्याने भरवणाऱ्या आपल्या घरांना हे जरा लागेल.

ताप दर वेळी चढतोच असं नाही. उलट्या, किरकिर, नको तितकी झोप, फुगलेली टाळू, नळीच्या वाटेवर लाली, दुखणारं पोट यांतलं काहीही दिसलं तर मेंदूच्या सर्जनलाच गाठावं. केस पेपर काढतानाच ‘शंट आहे’ म्हणून सांगावं.

संसर्ग ठरला की सहसा नळी काढावीच लागते. पाणी निर्जंतुक होईपर्यंत शिरेतून औषध चालतं आणि पाणी तात्पुरत्या नळीने बाहेर टांगलेल्या पिशवीत उतरवतात. पिशवी खाली गेली तर पाणी जास्त वाहतं, वर गेली तर तुंबतं. म्हणून बाळाला मांडीवर घ्यायचं असलं तरी आधी सिस्टरला हाक मारायची. ती नळी बंद करते, मग उचलायचं.