एका सेकंदाचे पन्नास तुकडे

ट्रान्झिस्टरवर विविध भारती लावा आणि शेजारी मोबाईलवर ‘न्यूज ऑन एअर’ ॲपमधून तेच केंद्र सुरू करा. ट्रान्झिस्टरवर गाण्याचं नाव सांगून होतं, गाणं सुरूही होतं, आणि मोबाईलमधला निवेदक अजून मागच्याच वाक्यावर असतो. मोबाईल बिघडलेला नसतो. हा उशीर मुद्दाम ठेवलेला असतो. तो का ठेवावा लागतो, हे इंटरनेटवर थेट रेडिओ पोचवायला निघालेल्या पहिल्या लोकांनी तीस वर्षांपूर्वीच शोधून काढलं होतं.

त्यांच्यासमोरचं गणित अवघड होतं. माणसाचा आवाज टेलिफोनवर येतो तेवढा बरा ऐकू यायला हवा असेल, तर एका सेकंदात 8,000 वेळा त्याचं मोजमाप घ्यावं लागतं आणि प्रत्येक मापाला 8 बिट, म्हणजे शून्य किंवा एक असे आठ अंक, लागतात. म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. 1994 च्या आसपास घरी वापरला जाणारा मोडेम, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारं यंत्र, चांगला असला तर सेकंदाला 14,400 बिट आणायचा. एका तासाच्या गप्पा म्हणजे 28.8 मेगाबाइट, त्या वेळच्या 20 फ्लॉप्या भरतील एवढा ऐवज. मोडेमवरून तो उतरवून घ्यायला साडेचार तास लागले असते.

म्हणून अमेरिकेत कार्ल मालामुद यांनी एप्रिल 1993 मध्ये ‘इंटरनेट टॉक रेडिओ’ सुरू केला, तेव्हा संगणक क्षेत्रातल्या लोकांच्या मुलाखती आधी ध्वनिमुद्रित करून त्यांच्या फायली ठेवल्या जात. ज्याला हवी त्याने ती उतरवून घ्यावी आणि मग ऐकावी. कल्पना छानच होती, पण बोलणारा बोलतोय आणि त्याच क्षणी आपण ऐकतोय, ही रेडिओची खरी गंमत त्यात नव्हती.

थेट आवाज पाठवायचा तर त्याचे तुकडे करावे लागतात. समजा 20 मिलिसेकंदांचा एक तुकडा केला, तर सेकंदाला 50 तुकडे होतात. इंटरनेटवर प्रत्येक तुकडा आपापला निघतो. कुणी लवकर पोचतो, कुणी वाटेत तुंबतो, कुणी हरवतो. पत्र किंवा फाइल पाठवताना हरवलेला तुकडा पुन्हा मागवता येतो. थेट आवाजात तो परत येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. त्यामुळे हरवलेला तुकडा सोडून द्यायचा आणि उशिरा येणाऱ्यांसाठी थोडं थांबायचं, अशी तडजोड करावी लागली. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखीच ही सोय आहे. नळाला पाणी कधी धो-धो येतं, कधी करंगळीएवढं, पण टाकी भरलेली असली की स्वयंपाकघरातली धार सारखी राहते. आवाजाच्या तुकड्यांचीही अशीच टाकी आधी भरून घेतात. मोबाईलचा निवेदक मागे राहतो तो बराचसा या टाकीमुळे.

दुसरी अडचण मला जास्त मूलभूत वाटते. प्रक्षेपकाला श्रोते मोजावे लागत नाहीत. गावात दहा ट्रान्झिस्टर असोत की दहा हजार, मनोऱ्याचा खर्च तेवढाच. इंटरनेटवर मात्र प्रत्येक श्रोत्याला वेगळी प्रत पाठवावी लागते. त्या काळी अमेरिकी विद्यापीठांना अभिमान वाटावा अशी टी-वन लाइन सेकंदाला सुमारे 15 लाख बिट वाहून न्यायची. टेलिफोनच्या दर्जाचा आवाज दिला, तर 24 श्रोत्यांत ती भरून जाणार!

यावरचा सर्वांत देखणा उपाय मार्च 1992 मध्ये सॅन डिएगोला वापरला गेला. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांची तिथे बैठक होती आणि तिचा आवाज तीन खंडांतल्या 20 ठिकाणी थेट ऐकवला गेला. एका वाटेवरून एकच प्रत पाठवायची आणि जिथे फाटा फुटतो तिथेच तिच्या दोन करायच्या, अशी ही पद्धत. या जाळ्याला पुढे ‘एमबोन’ म्हणू लागले. पण वाटेतल्या प्रत्येक राउटरला, म्हणजे तुकड्यांना पुढची वाट दाखवणाऱ्या यंत्राला, ही भाषा समजावी लागते, आणि बहुतेकांना ती येत नव्हती. म्हणून हे जाळं प्रयोगशाळा आणि विद्यापीठांपलीकडे फारसं गेलं नाही.

अमेरिकेतल्या चॅपल हिल या गावच्या विद्यार्थ्यांनी साधी वाट धरली. तिथल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातलं डब्ल्यूएक्सवायसी हे 89.3 एफएमवरचं विद्यार्थ्यांनी चालवलेलं केंद्र. कॉर्नेल विद्यापीठात संगणकावरून समोरासमोर बोलण्यासाठी ‘सी-यू-सी-मी’ नावाचा प्रोग्राम तयार झाला होता. त्याला जोडून ‘रिफ्लेक्टर’ चाले. एकाकडून आलेला आवाज घ्यायचा आणि जोडलेल्या प्रत्येकाला त्याची प्रत द्यायची, एवढंच त्याचं काम. गप्पांसाठी केलेल्या या साधनात विद्यार्थ्यांनी रेडिओचा आवाज सोडला, आणि 7 नोव्हेंबर 1994 पासून त्यांचं प्रक्षेपण इंटरनेटवर चोवीस तास थेट ऐकू येऊ लागलं. आधीपासून हवेत असलेलं केंद्र इंटरनेटवर थेट येण्याची ही पहिली वेळ, असं सहसा मानतात. अटलांटातल्या जॉर्जिया टेकचं डब्ल्यूआरईके केंद्रही त्याच दिवसाचा मान सांगतं. त्यांनी तर प्रोग्रामही स्वतःच लिहिला होता. पहिला कोण, यापेक्षा दोन्हीकडे हे काम विद्यार्थ्यांच्या केंद्रांनी केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

घरातल्या मोडेमपर्यंत रेडिओ पोचला तो आवाज आणखी दाबून. सिॲटलच्या प्रोग्रेसिव्ह नेटवर्क्सने एप्रिल 1995 मध्ये ‘रिअलऑडिओ’ आणलं, आणि 5 सप्टेंबरला सिॲटल मरिनर्स विरुद्ध न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल सामन्याचं धावतं वर्णन त्यावरून थेट ऐकवलं. आवाज किनरा होता, पण कानाला कळण्याइतका होता.

आज अनेक थेट केंद्रांचा आवाज काही सेकंदांच्या लहान लहान फायलींत कापला जातो. त्या शहरोशहरीच्या सर्व्हरवर ठेवल्या जातात आणि तिथून ज्याची त्याची प्रत निघते. मोबाईल असे दोन-तीन तुकडे हातात आल्याशिवाय वाजवायला सुरुवात करत नाही. तेवढ्यात ट्रान्झिस्टरवर गाण्याचा मुखडा संपलेला असतो.